पोलो 1.0 टीएसआय: एक मॅप, तीन गाड्या आणि त्यांचे लॉग

पोलो 1.0 टीएसआयच्या ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे टर्बोचा दाब (बूस्ट), स्पार्कची वेळ (टायमिंग) वगैरे ठरवणाऱ्या टेबलांची फाइल, मी बदललीय. त्या मॅपची ही आवृत्ती आता तीन गाड्यांत चालते आहे. एक माझी, पुण्यातली. दुसरी ठाण्याच्या मित्राची, तिसरी कोल्हापूरच्या एका काकांची (वय साठीच्या पुढे, पण लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, पाठवण्यात आमच्यापेक्षा शिस्तीचे). तिन्ही सहा गिअरच्या मॅन्युअल, आणि तिन्हींच्या ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. हे आधी जुळवलं, मगच फाइल दिली. हार्डवेअर तेच पण सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असेल तर टेबलांचे पत्ते सरकलेले असतात. आपण टायमिंग बदलतोय असं समजून भलत्याच टेबलावर आकडे लिहिले जातात, आणि चेकसम मात्र व्यवस्थित पास होतो. चेकसमला एवढंच कळतं की फाइल तुटलेली नाही. तिच्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

फाइल मागणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पूर्ण रीड (ईसीयूतून काढलेली सगळी फाइल) कोणालाही पाठवू नका, त्यात चॅसी नंबर आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) डेटा असतो. फक्त कॅलिब्रेशनचा (आकड्यांच्या टेबलांचा) भाग द्या. आणि एखाद्या ट्यूनरकडून पैसे देऊन घेतलेला मॅप इथे वाटला जाणार नाही. त्याने रात्री जागून केलेलं काम आहे ते.

मॅपमध्ये काय आहे: कंपनीचे आकडे 110 पीएस आणि 175 न्यूटन-मीटर. मी टॉर्क 205 च्या आसपास थांबवलाय, कारण क्लच स्टॉक (कंपनीचाच) आहे. या ईसीयूमध्ये नुसतं बूस्टचं टेबल वाढवून काही होत नाही. पेडलवरून टॉर्कची मागणी, तिच्यावरून लोड (सिलिंडरमध्ये किती हवा भरायची), लोडवरून बूस्ट अशी साखळी आहे, आणि मध्ये कुठलाही लिमिटर (कमाल मर्यादा) आडवा आला की थ्रॉटल (हवेची झडप) आपोआप मिटतो. त्यामुळे जास्त वेळ लिमिटर एकमेकांशी जुळवण्यातच गेला.

2,000 आरपीएमच्या खाली सगळं कंपनीचंच ठेवलंय. तिथे दणका कमी वाटतो अशी तक्रार आली, पण तिथे मी हात लावणार नाही. लहान, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जास्त लोड टाकला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. हा नेहमीचा नॉक (स्पार्कनंतर उरलेलं मिश्रण आपोआप पेटणं) नव्हे. टायमिंग मागे घेऊन तो थांबत नाही आणि एका दणक्यात पिस्टन जाऊ शकतो. इंजिनचं तेल एपीआय एसपी दर्जाचं वापरा, त्यात या प्रकाराची चाचणी धरलेली आहे.

आता लॉग. सगळ्यात मजेशीर निघाला उंचीचा हिशेब. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो, सुमारे 1,300 मीटर. तिथे हवेचा दाब 870 मिलिबारच्या आसपास असतो, ठाण्यात 1,010. ईसीयू बूस्ट मोजतो तो निरपेक्ष दाबात, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. समजा मागणी 2,000 मिलिबारची आहे. ठाण्यात टर्बोला हवा जवळजवळ दुप्पट दाबावी लागते, पाचगणीत 2.3 पट. म्हणजे तोच मॅप, तीच मागणी, पण वर टर्बो कितीतरी जोरात फिरतो. माझ्या लॉगमध्ये 5,000 आरपीएमच्या पुढे वेस्टगेट (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणारी झडप) जवळजवळ पूर्ण बंद आणि तरी बूस्ट मागणीच्या खालीच. ठाण्याच्या लॉगमध्ये त्याच जागी वेस्टगेट निवांत उघडा. फक्त ठाण्याची गाडी बघून मॅप पास केला असता तर घाटमाथ्यावर टर्बोचे हाल झाले असते. हवेच्या दाबानुसार कमाल बूस्ट कमी करणारं टेबल आता वरच्या आरपीएमला जास्त कडक केलंय.

ठाण्याचा त्रास वेगळा. या इंजिनात इंटरकूलर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणारा भाग) इनटेक मॅनिफोल्डमध्येच आहे आणि पाण्याने गार होतो. पाइपिंग छोटं, प्रतिसाद छान, पण घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते पाणी तापलं की लगेच गार होत नाही. इनटेकचं तापमान 55 अंशांच्या वर आणि एका सिलिंडरमध्ये टायमिंग चार अंश मागे. माझ्याकडे सकाळच्या गार हवेत हाच आकडा जेमतेम दीड. म्हणून 50 अंशांच्या वर टायमिंग दीड अंशाने उतरवलं. (लॉग पाठवताना चिन्हाकडे लक्ष द्या. काही सॉफ्टवेअर रिटार्ड (मागे घेतलेलं टायमिंग) उणे दाखवतात, काही अधिक.)

इंधनाचं: तिन्ही गाड्यांत फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली दुरुस्ती) अधिक चार टक्क्यांच्या आसपास दिसतोय. घाबरायचं कारण नाही. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9. ई-10 (10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी ते साधारण 14.1 पडतं, ई-20 साठी 13.5. या दोन्हींमधली चार टक्क्यांची तूट ईसीयू इंधन वाढवून भरून काढतो. इथेनॉलने नॉक कमी होतो हे खरं, पण पंपाला जास्त इंधन ढकलावं लागतं, आणि ते कोल्हापूरच्या गाडीत दिसलं. फुल थ्रॉटलला रेलचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा) दाब मागणीपेक्षा 15-20 बार खाली. काकांचा संशय मॅपवर. मी स्टॉक फाइल परत टाकून त्याच गिअरमध्ये पुल (फुल थ्रॉटलची धाव) मागवला, तर तिथेही दाब थोडा पडतच होता. फ्युएल फिल्टर बदलला, दाब जागेवर आला. स्टॉकचा लॉग आधी घेऊन ठेवा असं मी सारखं म्हणतो ते यासाठीच.

वॉरंटी, विमा आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीतल्या बदलांबद्दलचं) यांचा विचार ज्याचा त्याने करावा. फुल थ्रॉटलचे पुल मोकळ्या रस्त्यावर नकोत. डायनो (गाडी जागेवर ठेवून ताकद मोजणारं यंत्र) असेल तर उत्तमच.

फाइल हवी असेल तर आधी स्टॉक गाडीचा तिसऱ्या गिअरमधला लॉग पाठवा: आरपीएम, बूस्टची मागणी आणि प्रत्यक्ष बूस्ट, वेस्टगेटची स्थिती, तिन्ही सिलिंडरचं टायमिंग करेक्शन, लॅम्बडा (हवा-इंधनाचं प्रमाण), रेल प्रेशर, इनटेक तापमान. सोबत गाव आणि पेट्रोल कुठलं तेही लिहा. नाशिक किंवा नागपूरची गाडी मिळाली तर बरं होईल. नागपूरच्या मे महिन्यात हे तापमानाचं टेबल किती टिकतं ते बघायचंय.