सिग्नलचे ११६ सेकंद येतात कुठून?

चौकात गर्दी वाढली की पहिली मागणी ठरलेली: हिरवा वाढवा. वाढवतातही, आणि रांगा होत्या तिथेच राहतात. असं का होतं, ते एखाद्या चौकाचा हिशेब मांडला की दिसतं.

चार रस्ते, प्रत्येकाची चौकाकडे येणारी बाजू ७ मीटर रुंद. एका वेळी एकाच बाजूला हिरवा, म्हणजे चार फेज. सलग हिरवा ठेवला तर एका बाजूने तासाला किती वाहनं सुटतील? रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा ठोकताळा सांगतो, रुंदी गुणिले ५२५, म्हणजे ३,६७५. हा आकडा कारच्या मापात. दुचाकी अर्धी धरायची. आता गर्दीच्या तासात चार बाजूंनी ९००, ७५०, ६०० आणि ५०० येतात. बेरीज २,७५०. तिला ३,६७५ ने भागलं की ०.७५. म्हणजे पाऊण तास निव्वळ वाहनं सोडण्यातच जाणार.

उरलेल्या पाव तासात वाया जाणारा वेळ बसवायचा. हिरवा लागल्यावर रांगेतला पहिला चालक गिअर टाकेपर्यंत दोनेक सेकंद जातात. पिवळा संपताना आणि सगळीकडे लाल असताना आणखी दोन. चार फेजचे १६. चक्र, म्हणजे चारही बाजूंना एकेकदा हिरवा मिळण्याची एक फेरी, किती सेकंदांचं हवं? त्यासाठी वाहतूक संशोधक वेबस्टर यांचं १९५८ चं सूत्र आजही चालतं: वाया वेळेची दीडपट अधिक ५, या बेरजेला (१ वजा ०.७५) ने भागायचं. उत्तर ११६ सेकंद. त्यातून १६ वजा करून उरलेल्या शंभराचे वाटे ३३, २७, २२ आणि १८.

गंमत पुढे आहे. गर्दी थोडीच वाढून ०.७५ चे ०.८५ झाले तर उत्तर थेट १९३ येतं. एवढं मोठं चक्र चालत नाही. रांगेतली वाहनं सुटल्यावर मागून येणारी विरळ असतात, तेव्हा शेवटचा हिरवा अर्धा रिकामा जातो आणि बाकीच्या तीन बाजू तोवर तुंबतात. १२० च्या वर गेलात की सेकंद वाढवणं सोडा आणि फेज कमी करता येतात का ते बघा.

त्याच चौकात उजवं वळण बंद करून समोरासमोरच्या बाजू एकदम सोडल्या, की दोन फेज उरतात. ९०० समोर ६००, ७५० समोर ५००. मोठेच दोन आकडे मोजायचे. १,६५० भागिले ३,६७५ म्हणजे ०.४५, वाया वेळ ८, आणि चक्र ३१ सेकंद! (वळणारे पुढे जाऊन यू-टर्न घेतात, तो भार वेगळा मोजावा लागतो.)

पण ३१ ठेवता येत नाही, कारण पादचारी. १४ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटरने ओलांडायला १२ सेकंद, पाऊल उचलायला ७. प्रत्येक फेजला १९ हिरवा, वर पिवळ्याचे ३ आणि सर्व-लालचे २. दोन फेज मिळून ४८. हा किमान आकडा गाळून वेळ बसवली, की माणसं दुभाजकावर अडकतात.

ही वेळापत्रकं कोपऱ्यावरच्या कंट्रोलरच्या पेटीत असतात: सकाळचं, दुपारचं, रात्रीचं. पेटीतला एक भाग फक्त पहारा देतो. एकमेकांना छेदणाऱ्या दोन बाजूंना एकाच वेळी हिरवा गेला की तो सगळं तोडून पिवळा ब्लिंकर लावतो. पण ब्लिंकर दिसला की सिग्नल बिघडला असं लगेच म्हणू नका. रात्री तो मुद्दामही लावतात. जिथे गाड्या मोजून वेळ बदलते, तिथे डांबरात चर पाडून तारेचे तीन-चार वेढे पुरलेले असतात. रस्ता खोदला की तार तुटते, आणि त्या बाजूला गाडी नसतानाही हिरवा मिळू लागतो, कारण तुटलेली तार ‘गाडी उभी आहे’ असंच धरायचं, हा सुरक्षित नियम. अशा चौकात आकडे मोजणारा टायमरही फसतो: वेळ आधी ठरलेलीच नसते, म्हणून तो मागच्या फेरीचा आकडा दाखवतो आणि १२ वरून एकदम शून्यावर येतो.