दोन्ही वेळचा वारा

दुपारचे चार वाजायला आले की आमच्या ऑफिसात खिडकीवरून कुरबूर सुरू होते. पणजीत, पाटोला तिसऱ्या मजल्यावर आम्ही बसतो, खिडक्या पश्चिमेला. थंडी सरायला लागली की जेवणानंतर वारा सुटतो आणि चारपर्यंत तो असा अंगात येतो की टेबलावरची बिलं जमिनीवर. मग कुणीतरी ओरडतं, "बंद कर रे ती खिडकी!" माझा हात काही खिडकीकडे जात नाही. परवाही गेला नाही. कागद उडताना बघून मला बरंच वाटत होतं. म्हटलं, घरी जायची सोय झाली.

कारण मी सायकलने जातो, आणि माझं घर पूर्वेला आहे, जुन्या गोव्यात.

आठ-नऊ किलोमीटरचा रस्ता. जुन्या गोव्याहून नदीच्या काठाकाठाने रायबंदर, तिथून तो लांबलचक सरळ पूल, आणि पूल संपला की पाटो. गाडीवाले बहुतेक कदंब पठारावरच्या हमरस्त्याने जातात, त्यामुळे रायबंदरचा रस्ता सायकलवाल्याला अजून परवडतो. सकाळी आठ-सव्वाआठला मी निघतो तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे जात असतो. मीही तिकडेच. संध्याकाळी साडेपाचला सुटतो तेव्हा तो समुद्राकडून आत येत असतो. मीही आतच. जाताना पाठीवर वारा, येताना पाठीवर वारा. असं भाग्य भल्याभल्यांच्या वाट्याला येत नाही. ते मी मिळवलेलं नाही. घर आणि नोकरी ज्या क्रमाने मिळत गेली त्यातून ते आपोआप जुळून आलं. तरी त्याचा मला अभिमान आहे, हे कबूल.

शाळेत हा प्रश्न हमखास असायचा. खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा. बाई फळ्यावर अर्धा समुद्र काढायच्या, अर्धी जमीन, वर एक सूर्य आणि मध्ये बाण. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते. रात्री जमीन लवकर निवते आणि सगळं उलटं. कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर होड्या बाहेर काढतात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येतात, हे शेवटचं वाक्य. होडीचं चित्र काढलं तर अर्धा गुण जास्त मिळतो अशी आमच्यात समजूत होती, त्यामुळे वर्गातल्या प्रत्येक पेपरात एक होडी तरंगत असायची. आमचं गाव फोंडा तालुक्यात, चहूबाजूंनी डोंगर, समुद्र दिसायचा तो सहलीला गेलं तरच. ते बाण कधी आपल्या उपयोगाला येतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

नुसता वाराच नव्हे, ऊनही पाठीवरच. सकाळी पश्चिमेला तोंड, संध्याकाळी पूर्वेला. दोन्ही वेळा माझी सावली माझ्या पुढे धावते. लांबुडकी सावली, चाकं अंडाकृती, पाय तर विचारूच नका. घाईच्या दिवशी मी तिला गाठायचा प्रयत्नही करतो. वय विसरायला पुलासारखी जागा नाही.

पूल म्हणजे खरं तर पाण्यात घातलेला बांध आहे. लिन्यारिसचा काउंट इथे पोर्तुगीज व्हाइसरॉय असताना १६३३-३४ च्या सुमारास तो बांधला, म्हणून त्याचं नाव पोंते दि लिन्यारिस. लांबी तीन किलोमीटरांहून थोडी जास्त. पणजीकडे जाताना उजव्या हाताला मांडवी, डाव्या हाताला मिठागरं आणि खाजणं. ओहोटी असली की चिखलाचा तो ओळखीचा वास येतो. पाहुण्यांना तो सोसत नाही आणि आम्हांला त्याच्यावाचून करमत नाही. मिठागरांत शेकाट्या पक्षी उभे असतात, लाल काड्यांच्या पायांवर, पाण्यात स्वतःकडे बघत. समोर मांडवीवरचे पूल. धुकं असलं तर अटल सेतूचे फक्त खांब दिसतात, वरचे दोर कुठे गेले कळत नाही. पुढे १७५९ साली व्हाइसरॉय जुनं गोवं सोडून पणजीला आदिलशहाच्या राजवाड्यात राहायला गेला. मालक पणजीला आणि बरीचशी कार्यालयं अजून मागे जुन्या गोव्यात, असा काही काळ गेलाच असणार. म्हणजे कितीतरी कारकुनांनी हा बांध माझ्यासारखाच तुडवला असेल. त्यांच्यातल्या कुणाच्या पाठीवर वारा होता आणि कुणाच्या तोंडावर, याची नोंद मात्र कुठल्या दफ्तरात नसणार.

आता थंडी म्हणायची ती किती? फेब्रुवारीत पहाटे पारा विसाच्या आसपास. देशावरची माणसं हसतील. पण आमच्याकडे एवढ्यावर कानटोप्या निघतात, बायका अंगणात पाचोळा पेटवून शेकत बसतात, आणि रायबंदरचा पदेर, म्हणजे पाववाला, तोंडावरून मफलर गुंडाळून भोंगा वाजवत येतो. त्याची टोपली निळ्या प्लास्टिकने झाकलेली. ते त्याने नुसतं उचललं तरी उंड्यांची ऊब आपल्यापर्यंत पोचते. आता बरेच पदेर स्कूटरवर आलेत. हा अजून सायकलवर आहे. आम्ही एकमेकांना मान देतो. धंद्यातली माणसं देतात तसा.

सायकलच्या सीटवर दंव साचलेलं असतं. सीटवर रात्री प्लास्टिकची पिशवी बांधावी, हे मला ठाऊक आहे. बांधत नाही. सकाळी जुन्या बनियनच्या तुकड्याने सीट पुसणं, मग दांडा, मग घंटी, हा माझा नित्यनेम आहे आणि तो चुकला तर दिवस वाकडा जातो अशी माझी खात्री. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात. गोव्यात ती बिचारी एवढं म्हणायलाही थांबत नाही. एके दिवशी सीट कोरडी सापडते, बनियनचा तुकडा हातात तसाच राहतो, आणि रस्त्यावर आंब्याच्या मोहराचा वास दाटलेला असतो. संपलं. पुढे शिगमो, ढोल-ताशे, आणि दहा वाजताच डोक्यावर तापणारं ऊन.

वडिलांना वाऱ्याचा प्रश्न कधी पडला नाही. त्यांचा प्रश्न चढाचा होता. फोंड्याच्या बाजारात एका दुकानात ते हिशेब लिहायचे. काळी, चोवीस इंची, पुढे डायनॅमोचा दिवा असलेली सायकल. डायनॅमो टायरला टेकवला की सायकल जड व्हायची आणि घर्र घर्र आवाज करायची. माघातल्या काळोखात आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली बघत असायची. तिथून रस्त्याचं वळण दिसे. उतारावर दिवा लख्ख पांढरा, सपाटीला पिवळा, चढ लागला की निखाऱ्यासारखा लाल, आणि मग विझायचा. विझला म्हणजे बाबा खाली उतरले, आता सायकल हाताने ढकलत येणार. आई त्या क्षणाला तवा चुलीवर ठेवायची. बाबा अंगणात येऊन सायकल भिंतीला टेकवेपर्यंत बांगडे एका बाजूने झालेले असत. दुसऱ्या बाजूला ते पाय धुवायचे तेवढा वेळ. एकदा वाटेत बल्ब उडाला. दिवा दिसलाच नाही, तवा चढलाच नाही, आणि बाबा दारात उभे. दोष बल्बचा, पण बोलणी बाबांनी खाल्ली. "शीळ तरी घालायची," आई म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ते वळणावर खरंच शीळ घालायला लागले, दिवा असताना सुद्धा.

मी सायकलने ऑफिसला जातो म्हटल्यावर लोक आधी काळजीत पडतात. गाडी बिघडली? लायसन्स गेलं? डॉक्टरांनी सांगितलं? आमच्या इमारतीचा वॉचमन अजून अधूनमधून विचारतो, "आज गाडी ना?" मी "ना" म्हणतो, तो मान हलवतो. कामाच्या दिवशी या रस्त्यावर सायकलवर दिसतात ते पदेर, बांधकामावर जाणारे परप्रांतीय मजूर आणि मी. रविवारची गोष्ट वेगळी. त्या दिवशी घट्ट कपडे, हेल्मेट, काळे चष्मे घातलेली मंडळी सळसळत जातात. त्यांच्या सायकलींच्या किमतीत माझी स्कूटर येईल. ती मला "गुड मॉर्निंग" म्हणतात, पण म्हणण्याआधी जरा थांबतात. हा आपल्यातला की पदेरातला, ते त्यांना ठरवता येत नाही.

मात्र एक जात मला अजिबात सोसत नाही. मागून ओळखीचा स्कूटरवाला येतो, वेग कमी करतो आणि माझ्या बाजूने चालत गप्पा मारायला लागतो. त्याचं बरं आहे, नुसता हात पिळायचा. मी पायडल मारत, धापा टाकत, त्याच्या भाच्याच्या लग्नाची तारीख ऐकून घ्यायची आणि वर "हॉल कुठला?" असंही विचारायचं. त्यात रायबंदरला चोडणची फेरी लागली असली की धक्क्यावरून स्कूटरींचा लोंढा सुटलेला. मागचे हॉर्न मारतात, हा हलत नाही. अशा वेळी मी खोटीच चेन बघायला उतरतो.

आणि पुलावरचा तो माणूस. मी पणजीकडे जाताना तो पणजीकडून येतो. संध्याकाळी मी परततो तेव्हा तोही परतत असतो, उलट दिशेने. जुनी हिरवी सायकल, हँडलला डबा, मान खाली, डोळे बारीक केलेले. माझ्या पाठीवर जे जे आहे ते सगळं त्याच्या तोंडावर. सकाळी उगवतं ऊन आणि समोरून मतलई वारा, संध्याकाळी मावळतं ऊन आणि समोरून खारा. बरोबर माझ्या उलट नशीब. आम्ही भुवया उडवायचो, इतकीच ओळख. पण मला त्याच्याकडे बघून वाईट वाटायचं. याने एक तर घर बदलावं नाही तर नोकरी, असं मी रोज पुलाच्या मध्यावर ठरवून टाकायचो.

या महिन्यात एका संध्याकाळी तो कडेला थांबलेला दिसला. त्याची चेन पडली होती, खरीखुरी. मी उतरलो. त्याला मदतीची गरज नव्हती. काडीने चेन उचलून त्याने दात्यांवर बसवली, चाक उलटं फिरवलं, बोटं गवताला पुसली. मूळचा कर्नाटकातला, पण इतकी वर्षं इथे काढलेली की कोकणी माझ्याहून सफाईदार. जुन्या गोव्यात कुठल्याशा बागेत कामाला. मी त्याला माझा सगळा सिद्धांत सांगितला. जमीन तापते, हवा वर जाते, वगैरे. होडी तेवढी काढून दाखवायची राहिली. "तुका दोनूय खेपे वारें आड," मी शेवटी म्हणालो.

तो माझ्या शर्टाकडे बघत होता. पाठीला चिकटलेल्या, कपाळावरून निथळणाऱ्या घामाने गळ्यापाशी काळ्या पडलेल्या माझ्या शर्टाकडे. त्याचा शर्ट कोरडा ठणठणीत.

"वारें बरें," तो म्हणाला. "घाम सुकता."

आणि गेला, मान खाली घालून, डोळे बारीक करून.

बरोबरच आहे त्याचं. वारा पाठीवर आणि आपण वाऱ्याच्याच वेगाने चाललो तर अंगाला वारा लागतच नाही. माणूस स्वतःच्या घामात भिजत जातो. मी ऑफिसच्या खणात दुसरा शर्ट ठेवतो तो त्यापायीच. तरी अदलाबदल कुणी सुचवली तर मी करणार नाही. दोन शर्ट धुणं परवडतं, पण दोन्ही वेळा तोंडावर ऊन घेऊन तीन किलोमीटर वाकून पायडल मारणं मला या वयात जमायचं नाही. त्याला जमतं.

मात्र जूनमध्ये हे गणित फिरतं. पावसाळ्यात वारा दिवसभर समुद्राकडूनच येतो. सकाळी तो जुन्या गोव्याकडे निघेल तेव्हा वारा त्याच्या पाठीवर असेल. ते कसं दिसतं ते मी बघितलेलं नाही. पावसात मी बसने जातो.