बांगडा किती वावांवर मिळाला?

मालवणच्या बंदरावर मासळी मोजण्याचे काम मी दोन हंगाम केले. तेव्हा माझ्याकडे एक लाकडी फळी, एक ताणकाटा आणि खाऱ्या पाण्याने फुगलेली वही एवढेच सामान असे. फळीच्या एका टोकाला आडवी पट्टी ठोकलेली होती. बांगड्याचे तोंड तिला टेकवायचे, शेपटी सरळ करायची आणि मिलिमीटरची खूण वाचून आकडा ओरडायचा, की शेजारी बसलेली सोबतीण तो लिहून घेई. पन्नास बांगडे मोजून होईपर्यंत टोपलीच्या मालकिणीचा धीर सुटलेला असे. "आटप गो बाय, माका बाजार गाठूचो आसा," असे ती म्हणाली की आम्ही मुकाट्याने फळी उचलत असू.

या कामाविषयी कोणाला सांगितले, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: समुद्र तापल्यामुळे मासे कमी झाले का? या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देणारा माणूस बंदरावर फारसा बसलेला नसावा, असे मला वाटते. बंदरावर जे मोजले जाते ते समुद्रातले मासे नसतात, तर माणसांनी पकडून आणलेले मासे असतात, आणि या दोहोंच्या मध्ये जाळे, डिझेल, बाजारभाव, मासेमारीबंदीचा काळ आणि तांडेलाची, म्हणजे नौकेच्या म्होरक्याची, मर्जी एवढ्या गोष्टी उभ्या असतात.

देशातील मासळी उतरण्याचा अंदाज प्रामुख्याने केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था बांधते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज कोचीहून चालणाऱ्या या संस्थेची नमुना-पाहणीची पद्धत मला अजूनही विलक्षण सुबक वाटते. प्रत्येक बंदरावर रोज माणूस बसवणे शक्य नाही, म्हणून बंदरे आणि दिवस चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले जातात. निवडलेल्या दिवशी दुपारी १२ ते संध्याकाळी ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी १२ अशी प्रत्यक्ष नोंद होते, तर मधल्या रात्री काय उतरले ते विचारून घेतले जाते. होड्या पंधरापर्यंत असतील तर सगळ्या पाहायच्या आणि त्याहून जास्त असतील तर ठरावीक प्रमाणात निवडायच्या. माशांच्या वजनाबरोबर किती नौका गेल्या आणि किती तास मासेमारी केली हेही लिहायचे असते. हा दुसरा आकडा वगळला तर पहिल्याला अर्थ उरत नाही. दहा तासांत शंभर किलो आणि साठ तासांत शंभर किलो यांची वहीतली बेरीज सारखीच दिसते, पण समुद्राची हालत सारखी नसते.

थव्याने फिरणाऱ्या तारली या लहान माशाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९८५ पूर्वी तारलीची जवळजवळ सगळी पकड मलबारच्या पट्ट्यातून, म्हणजे साधारण ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांमधून येत असे. पुढे ती उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही मोठ्या प्रमाणात मिळू लागली. पूर्वी थंड असलेले पाणी तिला मानवेल इतके उबदार झाले, असा त्याचा अर्थ लावला गेला. मालवण १६ अंशांवर आहे, त्यामुळे आमच्या टोपल्यांतली प्रत्येक तारली हा या सिद्धान्ताचा पुरावा आहे, असे मला पहिल्या हंगामात वाटत होते. मात्र याच काळात कोकणच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली, आणि एका फेऱ्यात अख्खा थवा वेढणारे जाळे आल्यावर तारलीचे आकडे फुगणारच. पाण्याने किती फुगवले आणि जाळ्याने किती, हे निव्वळ टनांच्या आकड्यातून वेगळे करता येत नाही.

शिवाय तारली स्वभावानेच लहरी आहे. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली होती, आणि २०२१ मध्ये अवघी ३,२९७ टन. एवढी घसरण पाहिली की तापमानवाढीकडे बोट दाखवण्याचा मोह होतो. तथापि १९४० च्या दशकातही ती अशीच दिसेनाशी झाली होती आणि तेव्हा समुद्र आजच्याइतका तापलेला नव्हता. मी येथे तापमानवाढ नाकारत नाही. आयआयटीएम या पुण्याच्या हवामान-संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या २०२० च्या अहवालात १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी १ अंश सेल्सिअसने वाढल्याचे नोंदलेले आहे, आणि ही वाढ जगाच्या सरासरीपेक्षा अधिक आहे. पाणी तापले आहे यात शंकाच नाही. अवघड आहे ते माशाच्या बाजूचे खाते.

त्या खात्यात माझ्याकडूनही घोळ झाला आहे. पहिले तीन महिने मी लिलावाच्या टोपल्यांतून बांगडे उचलून मोजत होते. लांबीचे आकडे सुरेख येत होते, महिनोन्‌महिने जवळजवळ सारखे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वही चाळून विचारले, "ही टोपली लावली कोणी?" तेव्हा लक्षात आले की लिलावापूर्वीच मासळीची निवड झालेली असते: मोठा बांगडा एका टोपलीत, मध्यम दुसरीत, आणि बारीकसारीक माल फिशमीलच्या कारखान्याला जाणाऱ्या ढिगात. मी समुद्र मोजत नव्हते, मासळी निवडणाऱ्या बायकांची नजर मोजत होते, आणि ती नजर खरोखरच फार अचूक होती. ते तीन महिने आम्ही बाद केले. त्यानंतर नौका धक्क्याला लागताच, निवड होण्याआधी, जाळ्यातल्या मिसळलेल्या मालातून पाटी भरून घेऊ लागलो.

तापमानाची तर त्याहून गंमत. धक्क्यावरून बादली सोडून घेतलेले पाणी ओहोटीच्या दुपारी आंघोळीच्या पाण्यासारखे लागे. उपग्रह पाहतो तो पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा असतो, आणि मासा तेवढ्याच पापुद्र्यात राहत नाही. ही गोष्ट मला एका तांडेलकाकांनी समजावली. एप्रिलच्या एका सकाळी त्यांच्या ट्रॉलरमधून बांगडा उतरत होता. बांगडा हा पूर्वी पाण्याच्या वरच्या थरातला, रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, नाहीतर वेढ्याच्या जाळ्याला मिळणारा मासा, आणि ट्रॉल तर तळ खरवडत जाते. मी आश्चर्याने विचारले तेव्हा काका म्हणाले, "वर पानी तापता, मगे बांगडो खाली जाता. हात लाव बघ." नुकताच जाळ्यातून निघालेला मासा खरोखरच हाताला गार लागत होता.

हीच गोष्ट आकड्यांतही सापडते. मत्स्यशास्त्रज्ञ ई. विवेकानंदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार १९८५ ते १९८९ या काळात देशातील बांगड्याच्या पकडीपैकी जेमतेम २ टक्के तळाच्या ट्रॉलमधून येत होती, तर २००३ ते २००७ मध्ये हा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास गेला. येथेही ट्रॉलर वाढले हा आक्षेप घेता येतो आणि तो घ्यायलाच हवा. म्हणूनच आम्ही त्या दिवसापासून वहीत एक नवा रकाना आखला: किती वावांवर जाळे ओढले. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, साधारण सहा फूट. मीटरमध्ये विचारले की तांडेल अंदाजाने काहीतरी सांगत, वावांत विचारले की नेमके सांगत.

अर्थात खोली लिहिली म्हणजे सगळे उलगडते असेही नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीच्या समोर एकाच जागी पाण्याची नोंद ठेवत आले आहेत. पावसाळ्यात तळाचे थंड पाणी किनाऱ्याकडे वर सरकते, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास तळाजवळचा प्राणवायू जवळपास संपून जातो, असे या नोंदींतून दिसते. म्हणजे उन्हाळ्यात बांगड्याला खाली जाण्याची सोय आहे, पण पावसाळ्याच्या अखेरीस गार पाणी असूनही तळाशी श्वास घेण्याची सोय नाही. त्यामुळे वावांचा आकडा महिन्यासोबतच वाचावा लागतो.

मी आता पुण्यात असते आणि ती फळी दुसऱ्याच कोणाच्या हातात आहे. गेल्या ऑक्टोबरात मालवणला गेले तेव्हा तेच काका धक्क्यावर भेटले. मी काही विचारण्यापूर्वीच त्यांनी पाटीकडे बोट दाखवून सांगितले, "नऊ वाव. आणि हाताक गार लागता." वही जवळ नव्हती, म्हणून मोबाइलवर लिहून घेतले आणि वरच्या बाजूला तारीख टाकली.