रॉकफेलर प्लाझावर टीव्हीचं शूटिंग वाटेत आलं तर

भारतातून न्यूयॉर्कला पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस पहाटे साडेतीनलाच डोळे टक्क उघडतात. जाग आलीच आहे, तर सहाच्या सुमारास रॉकफेलर सेंटर हा उंच इमारतींचा समूह गाठावा. सबवेच्या बी, डी, एफ आणि एम या गाड्या '४७-५० स्ट्रीट्स' स्टेशनवर थांबतात. वर आलं की ४९व्या रस्त्यावर, प्लाझाच्या कोपऱ्यापाशी कठडे, पाट्या घेतलेले लोक आणि मोठ्या काचेआड झगझगीत उजेड दिसतो. तो एनबीसी वाहिनीचा सकाळचा कार्यक्रम 'टुडे'. कार्यक्रम १९५२ पासूनचा, काचेचा हा स्टुडिओ १ए १९९४ पासूनचा. सोमवार ते शुक्रवार सकाळी सातला थेट प्रक्षेपण सुरू होतं.

कठड्यामागे उभं राहायला पैसे पडत नाहीत. पिशव्या मात्र तपासतात, म्हणून मोठी सॅक हॉटेलवरच ठेवावी. पाटी न्यायची असेल तर छातीशी धरता येईल एवढीच, जाड मार्करने, बोटाएवढ्या रुंद अक्षरांत आणि फार तर चार-पाच शब्दांची. काठीला लावलेली पाटी आणू नये, मागच्यांची पंचाईत होते. लॅमिनेशनही नको. दिव्यांचा उजेड त्यावर चमकतो आणि पडद्यावर नुसता पांढरा चौकोन दिसतो.

आता जागेचं. बहुतेक लोक सवयीने काचेला सर्वांत जवळची जागा धरतात, आणि तिथेच फसतात. पहिल्या तासात बातम्यांचा भर असतो, त्यामुळे निवेदक आतच बसलेले असतात. काचेतून दिसतात त्या बहुधा कॅमेऱ्यांच्या पाठी आणि हातात कागद घेऊन धावणारी माणसं. खरी संधी हवामानाच्या वेळी, कारण तो भाग बऱ्याचदा बाहेर, गर्दीसमोर होतो. कठड्याजवळच्या कर्मचाऱ्याला सरळ विचारावं, "आज हवामान कुठून?" सांगतात. ती बाजू धरायची आणि सोडायची नाही.

जाहिराती लागल्या की फ्लोअर मॅनेजर मोठ्याने वेळ पुकारतो: दोन मिनिटं, तीस सेकंद. मग पाच, चार, तीन. शेवटचे दोन आकडे नुसते बोटांवर, कारण तोवर माइक चालू झालेला असतो. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पेटला की तोच कॅमेरा प्रक्षेपणात आहे. बाकीच्यांकडे बघून हात हलवण्यात अर्थ नाही. (हलवतात सगळेच.) निवेदकांशी हस्तांदोलन, फोटो वगैरे जमलंच तर जाहिरातींच्या त्या दोन मिनिटांत. एकूण काय, तुमच्या वाट्याला पडद्यावरचे काही सेकंद येतात, तेवढ्यासाठी दीड तास उभं राहायचं आहे का, हे आधीच ठरवा. हिवाळ्यात उंच इमारतींमधून वारा असा घुसतो की पायांची बोटं आधी बधिर होतात. दोन जोड मोजे घालाच. स्वच्छतागृह इमारतींखालच्या कॉन्कोर्समध्ये आहे, पण एकदा बाहेर पडलात की पुढची जागा गेली.

आत बसून बघायचं असेल तर ते प्रकरण वेगळं. तिथे वाटेत सापडलं म्हणून शिरता येत नाही. शेजारच्याच ३० रॉकफेलर प्लाझामध्ये, स्टुडिओ ६बी मध्ये, जिमी फॅलनचा गप्पांचा कार्यक्रम 'टुनाइट शो' होतो. दाखवतात रात्री ११.३५ ला, पण चित्रीकरण संध्याकाळीच उरकतं. तिकीट फुकट, ऑनलाइन काढायचं. खुर्च्यांपेक्षा तिकिटं जास्त वाटलेली असतात, म्हणून दिलेल्या वेळेच्या आधी पोचावं. स्टुडिओत एसी कडक असतो, स्वेटर लागतो. बारीक रेघांचा शर्ट टाळा, कॅमेऱ्यात रेघा नाचतात.

'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा विनोदी कार्यक्रमही त्याच इमारतीत, स्टुडिओ ८एच मध्ये. त्याच्या स्टँडबायसाठी, म्हणजे ऐनवेळी जागा उरल्या तर आत सोडतात त्या रांगेसाठी, गुरुवारी सकाळी दहाला ऑनलाइन नोंदणी उघडते. रात्री आठची रंगीत तालीम की साडेअकराचा थेट कार्यक्रम, यातलं एकच निवडता येतं. आमचं मत तालमीच्या बाजूने, कारण त्यात नंतर कापली जाणारी स्किट्सही बघायला मिळतात. वयाची अट १६ वर्षं. रांगेत उभं राहून स्टँडबायचं कार्ड मिळालं तरी प्रवेशाची हमी नाही.

रस्त्यावरचं मालिकेचं शूटिंग ओळखायचं ते खांबांवर चिकटवलेल्या 'गाड्या लावू नका' या कागदांवरून आणि ओळीने उभ्या ट्रेलरांवरून. वॉकीटॉकीवाला पोरगा हात आडवा करून थांबवेल. तो 'रोलिंग' ओरडला की बोलणं बंद. 'कट' झाल्यावर तोच सोडतो, सहसा एक-दोन मिनिटांत. घाई असेल तर वाद घालण्यापेक्षा समोरचा फुटपाथ धरावा. 'या भागात शिरल्यास चित्रीकरणाला संमती आहे असे समजले जाईल' अशी पाटी दिसली आणि पडद्यावर यायचं नसेल, तर तिथूनच मागे वळावं.