अर्धा लिटर, सहा माणसं

सवलतीचं दूध द्यावं का, आणि द्यायचं तर घरटी की माणशी, असा प्रश्न निघाला की मला शेजारचं घर आठवतं. नागपूरच्या पाचपावलीतल्या आमच्या गल्लीत सकाळी दुधाची पिशवी येते ती अर्ध्या लिटरची. शेजारच्या घरात माणसं सहा. आधी चहा होतो, उरलेलं दूध गंजात तापतं, त्यातला अर्धा कप दोन वर्षांच्या नातवाला. सून सात महिन्यांची गरोदर, तिला साय निघाली तर साय. आजींना काळा चहा. मी पेलाभर दूध नेलं तर म्हणाल्या, "मले नोको बाई, पोराले द्या."

मी अंगणवाडीत बावीस वर्षं काम केलं. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता येतात. आजींचं नाव मी कोणत्या रजिस्टरात लिहिणार? हाडं तर त्यांचीच ठिसूळ झालेली असतात.

ब्रिटनने ऐन युद्धात, १९४० साली, गरोदर बायांना आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पाइंट, म्हणजे साधारण ५७० मिलिलिटर दूध दोन पेन्सांत दिलं. ज्यांना तेही परवडत नव्हतं त्यांना फुकट. तुटवडा होता म्हणूनच आधी कोणाला द्यायचं ते ठरवलं. हे वाचल्यापासून मला ते विसरता येत नाही.

सवलतीचं दूध मिळावं, असं मला मनापासून वाटतं, पण ते माणशी मिळावं. घरटी दिलं तर आमच्याकडे ते पुन्हा चहातच जाईल, आणि आजी पुन्हा "नोको" म्हणतील.