खोटं बोलत नाही तो

तपासणीसाठी माझ्याकडे आणलेला मुलगा चौथीतला. शाळेची तक्रार अशी: हुशार आहे, पण खोटं बोलतो. गृहपाठ दिलाच नव्हता म्हणतो. डबा, स्वेटर, कंपासपेटी सारखं हरवतं.

मालिन यांची बुद्धिमापन चाचणी घेतली. शब्दसंग्रह छान, एकूण गुण सरासरी. ग्रह, राजधान्या, शिवरायांचे किल्ले धडाधड सांगितले. अशा वेळी 'लक्ष देत नाही' असा शेरा मारून फाइल मिटते, पुष्कळदा.

पण आईने जन्माचे कागद आणले होते. सत्ताविसावा आठवडा, वजन हजार ग्रॅमच्या आत. काचेच्या पेटीत असताना श्वास मधेच थांबायचा.

मग मी त्याला एक छोटी गोष्ट सांगितली. लगेच विचारली तर जवळपास पूर्ण सांगितली. त्याची टोपी त्याच्यादेखत कपाटात ठेवली, "निघताना मागून घे हं." अर्धा तास ठोकळे, चित्रं. नंतर म्हटलं, "मघाची गोष्ट सांग बरं."

"कुठली गोष्ट, ताई?"

गोष्टीतल्या माकडाची आठवण करून दिली, तरी काही नाही. लबाडी वाटली नाही. निघाला तोही टोपी न मागता.

"मग पाढे कसे पाठ झाले?" वडिलांनी विचारलं. रास्त प्रश्न. मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे घडलेल्या गोष्टींची आठवण टिकवणारा भाग, प्राणवायूच्या तुटवड्याला फार हळवा असतो. लंडनच्या मेंदूसंशोधक फरानेह वर्गा-खादेम यांनी १९९७ मध्ये तिघांबद्दल लिहिलं होतं: लहानपणीच हा भाग दुखावलेला, आज काय घडलं ते टिकत नाही, पण भाषा, वाचन, सामान्य ज्ञान शाळेत बऱ्यापैकी कमावलेलं. घोकलेलं राहतं, घडलेलं निसटतं. लवकर जन्मलेल्या सगळ्यांचं असं होत नाही. बहुतेकांना त्रास झालाच तर सौम्य, एका दमात तीन सूचना दिल्या की तिसरी गळते इतपत.

एमआरआय आणि मेंदूतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रात मात्र हा बसत नाही, कारण वाचन-लेखन-गणित ठीक. म्हणजे त्या प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या परीक्षेतल्या सवलती नाहीत. हे सांगताना मला दर वेळी चीड येते.

शाळेला पत्र लिहिलं: सूचना एकेक द्या, गृहपाठ डायरीत लिहिल्यावर सही करा, 'आठव बघ' म्हणून उभं करू नका. सहीला बाई तयार नव्हत्या, वर्गात साठ मुलं. त्यांचंही खरंच. ते काम मग शेजारच्या बाकावरच्या मुलीने घेतलं. डायरी पूर्ण झाल्याशिवाय ती त्याला दप्तर भरू देत नाही.