न दिलेली गोळी

राज्याचे तपासनीस इथे कधीच आगाऊ कळवून येत नाहीत. दोन तपासण्यांमध्ये जास्तीत जास्त १५ महिने जाऊ शकतात, एवढंच ठरलेलं. त्यामुळे वर्ष उलटलं की पार्किंगमधल्या अनोळखी गाड्यांवर आमच्या सगळ्यांचीच नजर असते. मी न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये नर्स आहे. कायमची शुश्रूषा लागणारे वृद्ध इथे राहतात, आणि हॉस्पिटलमधून सुटलेले काही जण थोडे दिवस येतात. त्या मंगळवारी सकाळी रिसेप्शनवरून फोन आला, "स्टेट आलीय." थोड्याच वेळात माझ्या औषधांच्या ट्रॉलीशेजारी एक बाई वही घेऊन उभ्या राहिल्या. त्याही मुरलेल्या नर्सच होत्या.

त्यांची पद्धत मला मनापासून पटते. कुणाला काय लिहून दिलंय हे आधी बघायचं नाही. मी जे देते ते जसंच्या तसं टिपायचं आणि मग डॉक्टरांच्या ऑर्डरशी ताडायचं. निदान २५ औषधं देताना पाहतात, आणि चुकांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत लागतं. म्हणजे पंचविसात एक चूक झाली तर ४ टक्के, निभावतं. दोन झाल्या की ८ टक्के, ठपका बसतो. चूक फक्त गोळी बदलल्याचीच धरतात असं नाही. हळूहळू विरघळणारी गोळी कुटून दिली, इन्सुलिनच्या पेनमधून आधी दोन युनिट बाहेर सोडून न बघताच ते टोचलं, इन्सुलिन दिलं आणि नाश्त्याचा ट्रे वेळेत आलाच नाही, हे सगळं धरतात.

माझ्या राउंडमध्ये एकही चूक निघाली नाही. तरी दहाच्या सुमारास बाई पुन्हा आल्या आणि एका आजींची फाइल माझ्यासमोर ठेवली. आजी शुक्रवारी संध्याकाळी हॉस्पिटलमधून आल्या होत्या.

"यांना एट्रियल फिब्रिलेशन आहे ना? मग रक्त पातळ करायचं औषध कुठेय?"

एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं. त्यावरचं ते औषध संगणकात नव्हतं. हॉस्पिटलची यादी दोन पानांची होती. दुसऱ्या पानावर दोनच ओळी: अपिक्साबॅन, म्हणजे तेच रक्त पातळ करायचं औषध, ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि खाली पोट साफ होण्याची गोळी. दोन्ही आमच्याकडे उतरल्याच नव्हत्या. शुक्रवार रात्रीपासून मंगळवार सकाळपर्यंत अपिक्साबॅनचे आठ डोस चुकले होते. या औषधाचा असर एक-दोन दिवसांतच ओसरतो, आणि अशा रुग्णाच्या हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो.

मी थेट आजींच्या खोलीत गेले. त्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात उचलायला लावले, माझी बोटं घट्ट दाबायला सांगितली. सगळं ठीक होतं. "आज एवढं काय तपासताय?" त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. डॉक्टरांना फोन झाला, दुपारच्या आत गोळी सुरू झाली आणि मुलीलाही लगेच कळवलं.

मला अस्वस्थ करतं ते हे, की त्या ५ टक्क्यांच्या हिशेबात ही चूक कुठेच येत नाही. दिलेलं औषध ऑर्डरशी ताडतात. ऑर्डरच नसेल तर सगळं बरोबरच दिसणार. चुकीची गोळी ट्रेमध्ये वेगळ्या रंगाची दिसते, एखादे आजोबा स्वतःच म्हणतात, "ही माझी नाही." न दिलेल्या गोळीबद्दल कोण बोलणार? फार्मासिस्टनी दर महिन्याला प्रत्येकाची औषधं तपासावीत असा कायदा आहे, पण आमच्याकडचे फार्मासिस्ट आदल्याच बुधवारी येऊन गेले होते. बाईंनी हॉस्पिटलचे कागद उघडले नसते, तर पुढचे तीन आठवडे हे कुणाच्या लक्षात आलं नसतं. तपासणीला आमच्यात बरेच जण शिव्या घालतात. मी घालत नाही.

अहवालात ठपका आला. तो कुणालाही वाचता येतो, आणि दहा दिवसांत सुधारणेची योजना द्यावी लागते. आता नवा रुग्ण आला की आधी यादीची पानं मोजतात, मग एक नर्स मोठ्याने वाचते आणि दुसरी संगणकातली ऑर्डर जुळवते. तीच यादी त्याच रात्री फार्मासिस्टकडे जाते. त्या शुक्रवारी संध्याकाळी एकाच नर्सकडे तीन नवे रुग्ण आले होते, शिवाय तिचा नेहमीचा राउंड होताच. हे मात्र अहवालातही नाही आणि योजनेतही नाही. एका पाळीत एका नर्सकडे एकाहून जास्त नवे रुग्ण देऊ नयेत, अशी मागणी मी लेखी दिली आहे. अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे.